एका अक्षराचे दोन उच्चार

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे गेलें म्हणजे कोंडाणें गांव लागतें. त्याच्या वरच्या रानांत इसवी सनापूर्वीं कोरलेलीं बौद्ध लेणीं आहेत. चैत्याच्या दर्शनी भागीं एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपींत एक ओळ आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच अर्थ.

हा कण्ह म्हणजे कृष्ण. लोकांच्या तोंडीं झिजतां झिजतां ‘कृष्णा’चा ‘कण्ह’ झाला, आणि मराठींत ‘कान्हा’, ‘कान्होबा’. पुढें पंडितांनीं ‘कृष्ण’ हा शब्द संस्कृतांतून पुन्हां उसना आणला. वारशाचा शब्द आणि उसना शब्द आज एकाच घरांत नांदतात.

येथें भेद निदान लिहितां येतो. ‘च’ आणि ‘ज’ यांचें तसें नाहीं. ‘चाक’ म्हणून पाहा आणि लगेच ‘चक्र’ म्हणा. पहिल्या शब्दांत जीभ दांतांच्या मुळाशीं लागते, दुसऱ्यांत टाळूकडे जाते. चांदणें आणि चंद्र, जण आणि जन, यांचेंही तसेंच. झिजून आलेल्या शब्दांत बहुधा दंत्य उच्चार, संस्कृतांतून घेतलेल्यांत तालव्य. ‘चार’सारखे अपवाद आहेतच, शिवाय इकार-एकार जोडला कीं घरचा ‘च’ही टाळूकडे वळतो. एका ‘चिंचे’च्या नांवांत दोन्ही ‘च’ ऐकूं येतात! फारसींतून आलेले चाकर, बाजार, हजार आपल्या घरचेच होऊन दंत्य झाले; इंग्रजींतले चॉकलेट आणि जज्ज अद्याप तालव्यच आहेत.

जर्मन भाषेंतही असें घडलें आहे. लॅटिन ‘तेगुला’ म्हणजे कौल. हा शब्द तिच्यांत फार लवकर शिरला, म्हणून त्यांतल्या आद्य व्यंजनाचा आपल्या ‘चाकां’तला दंत्य ‘च’ होऊन ‘त्सीगल’ बनला. मागाहून आलेल्या ‘टेम्पल’ या देवळाच्या शब्दांत ‘ट’ तसाच राहिला.

इंग्रजी शाळेंत जाणारा माझा नातू ‘चाक’ हा शब्द ‘चक्रा’तल्या ‘च’नें म्हणतो. मीं हटकलें, तेव्हां त्यानें पुस्तक पुढें केलें व विचारलें, “आजोबा, यांत दुसरा च कुठें आहे?” मला दाखवतां आला नाहीं.

बलकाच्या ओळींतही ‘च’ नाहीं. असता, तरी त्या अक्षरावरून त्याचा उच्चार आपल्याला कळला नसता.