दुष्काळी कामांचे बांध आणि नदीचे पाणी

दुष्काळाचा इतिहास सांगताना आटलेल्या विहिरींची मोजदाद होते. त्या वेळी मजुरांनी केलेल्या मातीकामाचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. तो आज मांडावा, असे आम्हांस वाटते. कारण नांदेडच्या पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध आहे.

१८४२ साली इंग्लंडात जॉन लॉज याने सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कारखान्यातून शेतात जाऊ लागले. आपल्याकडे पुढे डीएपी आले. त्याच्या ५० किलोच्या गोणीत सुमारे १० किलो स्फुरद असते. पिकाला ते हवेच; पण काळी, चुनखडीची जमीन त्यातले बरेचसे स्वतःपाशी धरून ठेवते. जोराच्या सरीने ती माती ओढ्याला लागली, की तिच्याबरोबर स्फुरदही गोदावरीत उतरते आणि विष्णुपुरीच्या जलाशयात शेवाळाला व जलपर्णीला खाद्य मिळते.

हा तर्क नव्हे. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एका सरोवराचे पडद्याने दोन भाग केले. दोन्हींत कार्बन व नत्र घातले, एकातच स्फुरद. हिरवेगार झाले ते तेवढेच.

तेव्हा शेताची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी : मातीत स्फुरद किती, आणि माती वाहते किती? पहिल्याचे उत्तर माती-परीक्षण देते. आपल्या जमिनींना लागू पडणारी ऑल्सेन यांची पद्धत १९५४ पासूनची आहे. दुसऱ्याचे उत्तर उतार आणि बांध देतात. खत परीक्षणाप्रमाणे द्यावे, फोकून न देता पाभरीने पेरावे, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा आणि बांध सांभाळावा.

हे बांध घातले कोणी? १९७२ च्या दुष्काळात उपाशी स्त्री-पुरुषांनी खड्ड्याच्या मापावर मजुरी घेऊन समतल बांध, नालाबांध, पाझर तलाव उभे केले. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्या कामाला हक्काचे रूप दिले. हेतू पोट भरण्याचा आणि पाणी अडविण्याचा होता. माती अडली, म्हणून नदीही राखली गेली.

आज कितीतरी बांध फुटले आहेत, काही नांगराखाली गेले आहेत. शहराने शेतकऱ्याकडे बोट दाखवू नये. आपल्या सांडपाण्यातही स्फुरद असते, आणि ते शुद्ध करूनच सोडणे हे आपले काम आहे. पण जलाशयाच्या वरच्या अंगाची बांधदुरुस्ती ही पाणीपुरवठ्याचीच बाब मानावी, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती व्हावी आणि करणाऱ्या हातांना पुरी मजुरी मिळावी, ही मागणी नळाचे पाणी पिणाऱ्या नागरिकांनी मजुरांच्या बरोबरीने केली पाहिजे.