टीना ब्रुक्सचा शनिवार

तारीख 25 जून 1960, वार शनिवार. तुम्ही न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्समध्ये आहात. हडसन नदी ओलांडली की न्यूयॉर्क. स्टुडिओचं दार ढकला, आत या आणि आधी वर बघा. जवळपास चाळीस फूट उंचीचं लाकडी छत, एखाद्या मोठ्या देवळाच्या सभामंडपासारखं. टाळी वाजवून घुमारा ऐकावासा वाटेल, वाजवू नका. हातमोजे घालून माइक नीट करणारा तो माणूस म्हणजे रुडी व्हॅन गेल्डर. डोळे तपासून चष्मे देण्याचा धंदा सोडून तो गेल्या वर्षापासून पूर्णवेळ ध्वनिमुद्रणच करतो.

मधोमध टेनर सॅक्सोफोन गळ्यात अडकवून उभा आहे टीना ब्रुक्स. लहानपणी चणीने बारका, म्हणून 'टीनी' आणि मग टीना. खरं नाव हॅरल्ड. वय 28. वेताची ती पातळ पट्टी, रीड, तो जिभेवर भिजवतोय. सहाच दिवसांपूर्वी तो इथेच फ्रेडी हबर्डच्या पहिल्या रेकॉर्डवर वाजवून गेला. तिची शीर्षक रचनाही ब्रुक्सचीच. आज 22 वर्षांचा हबर्ड ट्रम्पेट घेऊन त्याच्या साथीला आलाय. पियानोवर चार्ली पार्करला साथ केलेला ड्यूक जॉर्डन, बासवर सॅम जोन्स, ड्रमवर आर्ट टेलर. आजच्या सहापैकी पाच रचना ब्रुक्सच्या स्वतःच्या.

'गुड ओल्ड सोल' सुरू होतं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळून मुखडा मांडतात. हार्ड बॉप नावाची जॅझशैली ती हीच: आधीच्या बीबॉप शैलीची चपळाई, पण खाली ब्लूजची आणि चर्चमधल्या गाण्याची ऊब. मग ब्रुक्स एकटा. आता श्वास रोखून ऐका. तो ओरडत नाही, ताकद दाखवत नाही. मनातलं बोलावं की नाही अशा विचारात असल्यासारखा स्वर किंचित मागे रेंगाळतो, आणि वाक्य संपलं असं वाटतं तिथूनच पुढचं निघतं. सम समोर दिसत असताना तिला वळसा घालून जाणारा गवय्या तुम्ही ऐकला असेल, तर ही चाल तुम्हाला परकी वाटणार नाही. पाचही जण एकाच खोलीत एकदम वाजवताहेत; कुणाचा भाग मागाहून वेगळा भरायची सोय नाही.

ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचा मालक आल्फ्रेड लायन इथेच कुठेतरी असेल. ब्रुक्सच्या गुणांची जाण त्याला होती, हे नक्की. 1958 च्या मार्चमध्ये त्याने ब्रुक्सच्या नावाने एक पूर्ण रेकॉर्ड ध्वनिमुद्रित करून घेतली होती. ली मॉर्गन, सनी क्लार्क, आर्ट ब्लेकी असे वादक होते, तरी ती कपाटातच राहिली. बाहेर आली 1980 मध्ये. माझ्या मते तो ब्रुक्सवर झालेला अन्याय होता.

1961 नंतर ब्रुक्सचं एकही ध्वनिमुद्रण नाही. 13 ऑगस्ट 1974 ला तो गेला, 42 व्या वर्षी. हे आत्ता त्याला सांगू नका. त्याला वाजवू द्या.

आजच्या या रेकॉर्डचं नाव 'ट्रू ब्लू'. त्याच्या हयातीत त्याच्या नावाने निघालेली ही एकुलती एक. आज रात्री सगळी कामं बाजूला ठेवून ती अथपासून इतिपर्यंत ऐका.