सिरोंचाचा जलमार्ग

आजचा एपिसोड माझ्या गावाचा. सिरोंचा. गडचिरोली जिल्ह्याचं अगदी खालचं टोक. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते, पलीकडे तेलंगणातलं कालेश्वर दिसतं, आणि बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. रेल्वे अजूनही नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी वर्धा-नागपूरकडचा कापूस आमच्या घाटावरून नावेतून थेट काकीनाड्याच्या समुद्रापर्यंत जाणार होता. थापा नाही मारत. त्यासाठी बरीच वर्षं कामही चाललं.

हे आठवलं ऑफिसमुळे. आमच्या टीमने आठ महिने खपून एक इन-हाउस टूल बनवलं, लीड मी होतो. मग बाजारात तेच काम करणारं तयार टूल स्वस्तात आलं आणि आमचं बंद झालं. वाईट त्याचं वाटलं नाही. खरं सांगू? मला पाचव्या महिन्यातच कळलं होतं. पण डेमो छान चालले होते, वरचे खूश होते, म्हणून मी गप्प बसलो.

तर गोष्ट आर्थर कॉटनची. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतला इंजिनिअर. 1847 ते 1852 मध्ये त्याने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. वरिष्ठांच्या मागे लागून, भांडून पैसे काढले. आणि बंधारा चालला! दुष्काळी डेल्टा हिरवा झाला, सरकारचा शेतसारा वाढला, कालव्यांतून नावा फिरायला लागल्या. आंध्रात आजही लोक त्याचे पुतळे उभारतात.

आता अशा माणसाने म्हटलं की हीच नदी वरपर्यंत जलमार्ग करू, तर नाही कोण म्हणणार? पण बघा, डेल्टात पैसा आला तो मुख्यतः शेतीच्या पाण्यातून. वरच्या भागात जंगल, खडक, विरळ वस्ती. तिथे कमाई फक्त वाहतुकीची. नदी तीच, पण हिशेब सगळाच वेगळा. मला वाटतं, पहिली चूक इथेच झाली.

काम कॅप्टन हेगकडे आलं. हाही मद्रास इंजिनिअर्सचाच. नदीत तीन मोठे खडकाळ अडथळे होते: खाली भद्राचलमजवळ दुम्मागुडेम, मग इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्ली, आणि वर प्राणहितेवर अहेरीकडे देवलमरी. बेत असा, की प्रत्येक ठिकाणी खडकांना वळसा घालून कालवा काढायचा आणि त्यात लॉक बांधायचे. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्टच समजा. नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, नाव वर.

1860 साली निजामाशी तह झाला. डाव्या काठाचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि नदीवरची जकातही गेली. अपर गोदावरी नावाचा जिल्हा झाला, त्याचं मुख्यालय सिरोंचा. तिथल्या डेप्युटी कमिशनर ग्लासफर्डच्या नावाची आठवण करून देणारं ग्लासफर्डपेठा हे गाव आमच्या तालुक्यात आजही आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरचे गिरणीवाले कासावीस. 1862 मध्ये मध्य प्रांताचा चीफ कमिशनर म्हणून रिचर्ड टेंपल आला, तोही या योजनेच्या बाजूने. वरून पाठिंबा आणि बाजारात मागणी, एखाद्या लीडला आणखी काय हवं असतं?

पण नदी पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिनेच चालायची, उन्हाळ्यात नुसती वाळू. जंगलात तापाची साथ, मजूर टिकेनात. त्या मजुरांची नावं शोधायला गेलो तर काहीच हाती लागलं नाही, हेगची मात्र सगळीकडे आहेत. असो.

तिकडे 1865 ला अमेरिकेतलं युद्ध संपलं. आणि 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. बारा महिने चालणारी. ज्या कापसासाठी खडक फोडायचे, त्याला आता नदीची गरजच उरली नव्हती. तरीही काम आणखी चार वर्षं चाललं. 1871 मध्ये थांबलं. 1874 मध्ये जिल्हाच मोडला: भद्राचलमकडचा भाग मद्रासकडे गेला, सिरोंचा चांद्याला जोडलं.

ही चार वर्षं मला सोडत नाहीत. त्यांना माहीत नव्हतं असं म्हणवत नाही, रेल्वे काही गुपचूप येत नाही. पण इतके खडक फोडले, इतका कालवा झाला, हे रिपोर्टात छान दिसतं. आमच्या डेमोसारखंच. कापसाच्या किती गाठी खरंच खाली गेल्या, हा आकडा पहिल्या पानावर असता तर?

एक मात्र कबूल करायला हवं. दुम्मागुडेमचा बंधारा अजून उभा आहे, आणि आज तेलंगणाच्या उपसा सिंचनाची आखणी त्याच्या आसपास झाली आहे. कॉटनचं काम टिकलं, पण शेतीच्या पाण्यासाठी. नावांसाठी नाही.

गेल्या महिन्यात नवा प्रोजेक्ट मिळाला. प्रपोजलमध्ये मी सुरुवातीलाच लिहिलं, काय घडलं तर आपण हे काम थांबवू. मॅनेजर म्हणाला, "अरे, सुरू व्हायच्या आधीच बंद करायचं बोलतोस?" मी फोनवर नकाशा उघडून त्याला म्हटलं, सर, आधी सिरोंचा शोधा. दोन मिनिटं झूम करत बसला, सापडेना.