फौजेने टाकलेल्या बंदुका आणि वऱ्हाडातली हरणं

आमच्या घरी एक बंदूक होती. ठासणीची, एकनळी. एरवी माळ्यावर जुन्या सतरंजीत गुंडाळून ठेवलेली असायची आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, खाली यायची. आबा तिला तेल लावायचे, विळ्या-कोयत्यांच्या शेजारी ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर पुसटसा मुकुट कोरलेला होता आणि पुढे इंग्रजीत 'टॉवर' हा शब्द आणि १८६२ हा आकडा. लहानपणी मला वाटायचं, टॉवर हे कंपनीचं नाव असेल. उषा, बजाज, टॉवर.

आबा गेल्यावर बंदूक रीतसर जमा झाली. माझ्याकडे तिचे चार फोटो उरले. नोकरीसाठी पुण्यात राहायला लागल्यावर एका रात्री ते मोठे करून बघताना उलगडा झाला. टॉवर म्हणजे लंडनचा टॉवर, ब्रिटिश सरकारी शस्त्रांवरची खूण. आमच्या चिखली तालुक्यातल्या वावरात हरणं हाकलणारी ती बंदूक, निदान तिचा घोडा आणि पट्टी तरी, मुळात फौजेसाठी बनलेली होती. ती तिथून इथे कशी आली, हे शोधता शोधता मला बंदुकीपेक्षा कायद्याचीच गोष्ट जास्त सापडली.

पट्टी एनफिल्डच्या घडणीची आहे. एनफिल्ड म्हणजे १८५३ च्या नमुन्याची तीच बंदूक, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली ठिणगी पडली. तिची खरी करामत नळीच्या आत होती. नळीला आतून पिळाच्या खाचा असल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते, लांब जाते आणि सरळ जाते. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी शंभर पावलांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसतो. उठाव मोडल्यावर सरकारने देशी पलटणींसाठी बाहेरून एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत असलेल्या बंदुका काढल्या. शिपायाच्या हातात शस्त्र द्यायचं, पण ते आपल्यावर उलटलं तर कमी पल्ल्याचं असावं, असा हा साधा हिशेब.

पुढे हा हिशेब रीतच बनला. १८६६ मध्ये मागून भरायची स्नायडर आली, १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री, १८८८ मध्ये .३०३ ची ली-मेटफर्ड. गोऱ्या पलटणीला नवी बंदूक मिळाली की तिची जुनी देशी पलटणीकडे यायची. शिपाई एक पिढी मागे, आणि शेतकरी त्याच्याही मागे. फौजेतून बाद झालेल्या एनफिल्डच्या नळ्या आतून घासून गुळगुळीत करायच्या आणि छर्‍याची बंदूक म्हणून विकायच्या, हा धंदा त्या काळात जगभर चालत होता.

१८७८ चा शस्त्र कायदा आला तो असा. बंदूक बाळगायला परवाना लागू लागला आणि नियमांनी युरोपियनांना त्यातून सूट दिली. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा, कारभाराला इंग्रजांचा. १८५३ पासून तो त्यांच्या ताब्यात होता. इथे कायदे वेगळ्या हुकमाने लागू होत, पण धोरण तेच.

या धोरणाची गाठ बुलढाण्यात वेगळ्याच गोष्टीशी पडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि घाटावरची माळरानं नांगराखाली येत गेली. माळरान म्हणजे काळवीट-चिंकाऱ्यांचं घर. शास्त्राप्रमाणे ही हरणं नव्हेत, कुरंग. रोही म्हणजे नीलगायही त्याच कुळातली. पण आमच्याकडे वावरात शिरून हरभरा खातं ते सगळं हरणच. ज्वारी, हरभरा आणि पऱ्हाटीची कोवळी पालवी त्यांना चालायची. त्यांची जमीन आम्ही घेतली आणि ती आमच्या जमिनीत चरायला लागली. दोघांच्या मध्ये सरकारने ही बंदूक ठेवली.

ती चालते कशी, ते आबांनी सांगितलेलं आहे. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर चिंध्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, गजाने ठासायचं. मागच्या बाजूला तांब्याची टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते. सरावलेल्या माणसालाही या सगळ्याला अर्धा मिनिट सहज लागतो. पावसात टोपी दमट झाली की नुसता खट्ट आवाज. छर्‍याचा जोर तीस-चाळीस पावलांपर्यंत. काळवीट माणसाला एवढं जवळ येऊ देत नाही, आणि रात्री अंधारात आलंच तर नेम अंदाजानेच धरायचा.

साठीचं दशक सरत आलं असताना आबांनी जागलीवर असताना असाच एक बार काढला. हरभऱ्यात कळप होता. सकाळी रक्ताचा माग दिसला, तो नाल्यापर्यंत जाऊन थांबला. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरली तेव्हा कुठे जनावर सापडलं. मादी होती. पोटात छर्रे. ती दोन दिवस जिवंत असणार, हे आबांना बघताच कळलं. "धड मारलं नाही अन् धड जगू दिलं नाही," एवढंच ते म्हणायचे. त्यानंतर त्यांनी नळीत छर्रे भरले नाहीत. नुसती दारू ठासून आवाज काढायचे.

ही गोष्ट मी आबांच्या हळवेपणाची म्हणून ऐकत आलो होतो. आता मला ती त्या बंदुकीचीही वाटते. जी बंदूक कोणाला धड इजा करू शकणार नाही म्हणून परवानगीस पात्र ठरली, तिने इजाच केली, आणि तीही अर्धवट.

चांगली बंदूक ज्यांच्याकडे होती, त्यांच्या हातून हरणं सुटली असं मात्र नाही. साहेबांना सूट होती. १९१२ च्या कायद्याने शिकारीला बंदीचा हंगाम घालून दिला, पण मालमत्तेच्या रक्षणासाठी मारलेल्या जनावराला तो लागू नव्हता. आणि फासेपारध्यांचं काय झालं पाहा. काळविटाच्या शिकारीत त्यांच्याएवढं तरबेज कोणी नव्हतं, आणि तेही बंदुकीविना. शिकवलेल्या गायी-बैलाच्या आडोशाने जायचं आणि फास मांडायचे. १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट काढली. तो शिक्का १९५२ मध्ये पुसला, असं कागद म्हणतो.

दुसरं महायुद्ध संपलं आणि फौजेचं आणखी एक सामान बाजारात आलं: जीप. हजारोंनी जादा झालेल्या गाड्या विकल्या गेल्या. मोकळ्या माळावर रात्री जीप घालायची, दिव्याच्या झोतात कळप गोठून उभा राहतो, मग गोळ्या. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत देशभरातली काळविटं झपाट्याने घटली, त्यात पडीक माळ संपण्याइतकाच या जीपचाही हात होता. आबांच्या आठवणीत शहरातून येणाऱ्या अशा गाड्या आहेत. त्यांच्या ठासणीच्या बंदुकीला दर तीन वर्षांनी कचेरीत जाऊन शिक्का घ्यावा लागे.

गोऱ्या सरकारची भीती किती बारीक होती, ते बोअरच्या आकड्यांत दिसतं. फौजेची गोळी ज्या रायफलीत बसेल, ती लोकांच्या हाती नको. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० च्या रायफलींवर बंदी आली आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० असे नवे आकडे काढले. .३०३ ही तर फौजेचीच. साध्या शिकाऱ्याला उरली .३१५. तिचं काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या फौजेचं. इथल्या फौजेच्या बंदुकीत ते बसत नाही, हाच त्याचा गुण. स्वतंत्र भारतातही कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात .३१५ च रायफल बनत राहिली, ली-एनफिल्डच्याच धाटणीची. 'थ्री नॉट थ्री' मात्र आजही नागरिकाला मना आहे. २००८ मध्ये मुंबईच्या सीएसटीवर पोलिसांच्या खांद्यावर ती दिसली, तेव्हा ती केवढी जुनी झाली आहे हे सगळ्या देशाला कळलं.

याच रायफलीचं दुसरं आयुष्य अमेरिकेत आणि कॅनडात गेलं. युद्धानंतर बाद झालेल्या ली-एनफिल्ड तिथे दुकानातून स्वस्तात विकल्या गेल्या आणि कित्येक घरांतली हरणाच्या शिकारीची पहिली रायफल तीच ठरली. ईशापूरने साठच्या दशकात भारतीय फौजेसाठी बनवलेल्या ७.६२ च्या रायफलीही पुढे तिथल्या बाजारात पोहोचल्या. म्हणजे आपल्याकडची रायफल समुद्र ओलांडून हरणाच्या शिकारीला गेली, चिखलीला आली नाही. ती यायला हवी होती असं माझं म्हणणं नाही. तिथे बंदुका सैल सोडल्याची किंमत तिथली माणसं मोजतातच. पण एक फरक टोचतो. तिथे कोणत्या भागात, कोणत्या हंगामात, किती नर आणि किती माद्या मारायच्या, हे दरवर्षी ठरतं आणि शिकाऱ्याला तेवढेच बिल्ले मिळतात. तिथला शिकारीचा कायदा हरणं मोजतो.

आपल्या कायद्याने नळी मोजली. १९५९ चा शस्त्र कायदा स्वतंत्र देशाने केलेला. त्याच्या तेराव्या कलमात लिहिलं आहे की पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि संरक्षणाला किंवा शिकारीला वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच पिकासाठी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. १८५८ साली शिपायाबद्दल जे ठरलं, ते शंभर वर्षांनी शेतकऱ्याबद्दल जसंच्या तसं उतरलं. त्या कलमात ना वावराचं नुकसान आहे, ना हरणांची संख्या.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने पूर्ण बंद झाले. हे व्हायलाच हवं होतं. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं झाली. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत येऊन राहिला. तो इथे काही काळ टिकला याचा अर्थ त्याला खायला जनावर होतं. पण वावरातला प्रश्न होता तिथेच राहिला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रोही आणि रानडुक्कर मारण्याची परवानगी सोपी केली, तरी परवानगीच्या कागदाने बार निघत नाही. त्याला परवान्याची बंदूक लागते, आणि ती चालवणारा माणूस.

मागच्या हिवाळ्यात गावी गेलो होतो. वावराभोवती आईच्या जुन्या साड्या बांधलेल्या आहेत, एका बाजूला झटका मशीनची तार. रात्री काकांबरोबर जागलीला गेलो. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पाइपची बंदूक आहे: आत कार्बाइडचा खडा, थोडं पाणी, मागे गॅस पेटवायचा लायटर. धाडकन आवाज होतो. हरभऱ्यातले रोही मान वर करून बघतात, चार पावलं सरकतात आणि पुन्हा चरायला लागतात.

"पहिल्या वर्षी पळायचे," काका म्हणाले. "आता त्यांनाबी समजलं, आत काहीच नाही."

पहाटेपर्यंत त्यांनी अकरा वेळा आवाज काढला. मी मोजत होतो. उजाडल्यावर आम्ही खाल्लेल्या ओळी मोजल्या आणि घरी आलो.