"दिवा मार" आणि काडीमोड

एका माणसाचा संसार म्हणे एका क्रियापदापायी मोडला.

गोष्ट अशी. चौदाव्या शतकात फिरोजाबादी नावाचे एक इराणी पंडित होऊन गेले. यांची अरबी इतकी घोटलेली, की बोलताना कुणाला पत्ता लागू नये. त्या जोरावर आपण अरबच आहोत असं भासवून त्यांनी एका अरब मुलीशी लग्न केलं. रात्री झोपताना बायकोला म्हणाले, "दिवा मार." फारसीत दिवा 'मारतात'. अरबीत विझवतात! बायको ताडकन उठली, हा माणूस आपल्यातला नव्हे म्हणाली आणि तिने थेट काझीकडे जाऊन काडीमोड मागितला.

आता ही दंतकथाच. पण ज्यांच्याबद्दल सांगतात ते फिरोजाबादी साधे असामी नव्हते. जन्म १३२९ चा, शिराझजवळचा. पुढे येमेनमधल्या झबीद गावी स्थायिक झाले, तिथले मुख्य काझी झाले, खुद्द सुलतानाने त्यांची मुलगी केली. त्यांनी लिहिलेल्या अरबी शब्दकोशाचं नाव 'अल्-कामूस', म्हणजे महासागर. तो इतका गाजला की आज अरबीत कुठल्याही डिक्शनरीला कामूसच म्हणतात. (आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसंच!)

पुढची गंमत बघा. या कामूसवर सगळ्यात मोठं भाष्य कुणी लिहिलं? आपल्याकडच्या माणसाने. मुर्तझा अल्-झबीदी, जन्म १७३२, गाव बिलग्राम, आजच्या उत्तर प्रदेशातलं. शिकायला येमेनमधल्या त्याच झबीदला गेला आणि त्या गावाचं नाव कायमचं चिकटलं. तिथून कैरो. दुसऱ्याच्या कोडमध्ये कॉमेंट्स टाकता टाकता कॉमेंट्सच मूळ कोडच्या कित्येक पट व्हाव्यात, तसं याचं झालं. चौदाएक वर्षं खपून १७७४ मध्ये 'ताज अल्-अरूस' पुरा झाला. गेल्या शतकात कुवेतने तो छापायला घेतला तेव्हा ४० खंड लागले!

झबीदीने कैरोतच लग्न केलं. बायकोचं नाव झुबैदा. ती १७८२ मध्ये गेली आणि हा माणूस कोसळलाच. तिच्या कबरीवर त्याने वास्तू उभारली, तिथेच जाऊन बसू लागला, तिच्यावर शोकगीतं लिहिली. त्याचा शिष्य, इतिहासकार अल्-जबर्ती, याने हे सगळं नोंदवून ठेवलंय. मला त्या ४० खंडांपेक्षा हे जास्त लक्षात राहिलं. बिलग्रामच्या माणसाने आपलं सगळ्यात मोठं दुःख मांडलं ते अरबीत. परकी भाषा घरची कधी होते, याचं मला तरी दुसरं माप सुचत नाही.

तिसरा गडी इंग्रज. एडवर्ड लेन, १८२५ मध्ये चोविसाव्या वर्षी इजिप्तला पोचला. तिथलेच कपडे, तिथलंच खाणं, नावसुद्धा मन्सूर एफेंदी. तरी कैरोत घर मिळेना, कारण स्वारी ब्रह्मचारी! मोहल्ल्याचे शेख म्हणाले, लग्न कर नाहीतर निदान एखादी दासी घे. पुण्यात बॅचलर म्हणून फ्लॅट शोधलेल्या कुणालाही हा सीन ओळखीचा वाटेल (दासीचा भाग सोडून).

ती 'दासी' मात्र गमतीची गोष्ट नाही. नफीसा ही जन्माने ग्रीक, लहानपणीच गुलाम म्हणून विकली गेलेली. ती लेनच्या आयुष्यात आली आणि १८४० मध्ये इंग्लंडात त्यांचं लग्न झालं. १८४२ मध्ये लेन मोठ्या शब्दकोशासाठी पुन्हा कैरोला निघाला तेव्हा बरोबर नफीसा, बहीण सोफिया आणि सोफियाची दोन मुलं होती. पुरुषांना जिथे पाऊल टाकता येत नव्हतं त्या जनानखान्यांत सोफिया गेली आणि तिने त्यावर पुस्तक लिहिलं. लेन इकडे शेख इब्राहिम अल्-दसूकींबरोबर झबीदीच्या 'ताज'चा एकेक शब्द तपासत बसला. सात वर्षं!

शब्दकोशाचा पहिला भाग १८६३ मध्ये निघाला. १८७६ मध्ये लेन गेला तेव्हा काम अर्धवट होतं. ते १८९३ मध्ये शेवटाला नेलं ते स्टॅन्ली लेन-पूलने. हा कोण? सोफियाचा नातू. कैरोला गेलेल्या त्या दोन पोरांपैकी एकाचा मुलगा.

म्हणजे इराणी, हिंदुस्थानी, इंग्रज... तिघांचेही जन्म अरबस्तानाबाहेरचे आणि तिघांच्याही गोष्टीत घर आहे. पुस्तकांवर मात्र पुरुषांचीच नावं. नफीसाचं नाव किती जणांनी ऐकलं असेल?

आपल्याकडे कुणी परदेशी सून आली तर पुस्तकातून 'विझवणे' शिकून येईल. देवापुढचा दिवा 'विझव' म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा का उतरला, हे तिला कुठलीच डिक्शनरी सांगणार नाही. तो मालवायचा असतो, किंवा शांत करायचा. हे तिला घरातलंच कुणीतरी शिकवेल.

फिरोजाबादींना ते एका रात्रीत कळलं म्हणे. जरा महागात पडलं, एवढंच.