नाटक आहे, पाहुणे या

शहरातल्या नाट्यगृहात लहान मूल रडलं की आई त्याला घेऊन गुपचूप बाहेर जाते. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, ते मूल नाटक चालू असताना तिथेच आजीच्या मांडीवर झोपतं. नाटक रात्री दहाच्या पुढे कधीतरी सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मारामारीचा प्रवेश आला की कुणीतरी त्याला हलवून उठवतं.

अख्खं घरच्या घर नाटकाला येतं, याचं कारण मला तरी रंगभूमीपेक्षा शेतीत जास्त दिसतं. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघतो, मग भारी धानाची कापणी होते. बांध्या रिकाम्या होतात, हातात थोडा पैसा येतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि पुढे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरे येतात. दिवसा पट बघायचा, पण रात्री एवढ्या पाहुण्यांचं करायचं काय? म्हणून नाटक.

आधी दंडार होती, खडी गंमत होती. बायकांची कामं पुरुषच करायचे. पुढे पडदे आले, पेटी-तबल्याची साथ असलेली नाटकं आली, स्त्री कलाकार आल्या. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं वडसा (सरकारी कागदावर देसाईगंज) या धंद्याचं केंद्र झालं. गावातलं मंडळ तिथे जाऊन कंपनीशी बोलणी करतं, तारीख पक्की करतं, शेतात मंडप उभारतं आणि तिकिटं विकतं. अनुदानाची वाट बघत बसलेली ही रंगभूमी नाही. पाहुणा हाच तिचा प्रेक्षक, आणि बहुतेक वेळा त्याचं तिकीट यजमानच काढतो!

त्यामुळे नाटकांचे विषयही घरातलेच: भावांची वाटणी, सासुरवास, दारू, कर्ज, हुंडा. शहरी समीक्षकांना हे भडक वाटतं. पण तीन पिढ्या शेजारी बसून बघणार असतील, तर मागच्या रांगेतल्या आजोबांपर्यंतही रडणं पोचायला हवं. मध्येच घुसलेल्या ‘डान्स हंगामा’वर गावातूनच नाराजी उमटली, तीही याच शेजारामुळे. सासऱ्याच्या बाजूला बसून सुनेने तो कसा बघायचा?

खरी परीक्षा मे २०१४ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि पट थांबले. ज्याच्या निमित्ताने नाटक व्हायचं, तेच गेलं. तरी नाटक थांबलं नाही. मंडई होतीच, आणि लेकीला बोलावणं धाडायला आता नाटकाचं निमित्तही पुरत होतं. २०२० मध्ये करोनाने मात्र मंडपच बंद केले. कलाकार, वादक, पडदेवाले यांची वर्षाची कमाई याच चार-पाच महिन्यांतली असते. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि पट परत आले.

२०२३ मध्ये गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. इकडे मात्र मंडईत आजही सोयरिकी जुळतात. मुलगी बघायला आलेली मंडळी रात्री त्याच मंडपात नाटकाला बसतात, आणि होकार-नकार सकाळी चहाबरोबर कळतो.