नॅनो पेटली, मग तक्रार कुठं गेली?

उदगीरचा इतिहास म्हटलं की आपण सरळ १७६० च्या लढाईत आणि किल्ल्यात शिरतो. आज तिकडं जायचं नाही. आजचा इतिहास आपल्या रस्त्यावरून रोज धावणाऱ्या गाड्यांचा आहे. दहा-बारा वर्षं जुन्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाच्या, हॉर्न दाबला की हेडलाईट मंद होणाऱ्या. अशा गाडीच्या वायरिंगमधून धूर निघाला, तर ती तक्रार जाते कुठं?

आधी थोडं मागं जाऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी कुर्ल्यात गाड्या बनवायची. पुढं जिला आपण पद्मिनी म्हणायला लागलो, ती तिथलीच. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची पद्धत होती. गाडी मिळाली हेच नशीब, मग तक्रार कोण करणार? बिघाड झाला की मिस्त्रीकडं. बिघाड म्हणजे मालकाचं नशीब किंवा ड्रायव्हरचा हात, कंपनीचा दोष नाही, ही समजूत तिथून आली. आणि खरं सांगू, ती आजही गेलेली नाही.

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. जिल्ह्याला दाद मागायची सोय झाली. पण ती एका माणसाची एका गाडीपुरती लढाई, तीही साधारण २ वर्षांच्या आत. तुमची केस जिंकली म्हणून त्याच मॉडेलच्या शेजाऱ्याच्या गाडीतली वायर कोणी बदलून देत नाही.

आता येऊ नॅनोवर. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटांनी ती जगाला दाखवली. स्कूटरवर चार जणांचं कुटुंब भिजत जाताना बघून सुचलेली गाडी, किंमत १ लाख. मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली. त्याच वर्षी काही नॅनोंमधून धूर निघाल्याच्या बातम्या आल्या. स्टिअरिंगजवळचा, लाईट आणि इंडिकेटरचा स्विच हे कारण निघालं. कंपनीनं स्विच बदलले. मग मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंडची एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना पेटली. नॅनोचं इंजिन मागं असतं, त्यामुळं पुढं बसलेल्यांना कळलंच नाही. मोटरसायकलवाल्यानं खुणावलं तेव्हा सगळे उतरले. कुणाला इजा झाली नाही. पण जळत्या गाडीचा फोटो देशभर फिरला.

कंपनीनं चौकशी केली आणि सांगितलं, की डिझाईनमध्ये दोष नाही. कुठं बाहेरून जोडलेली विजेची उपकरणं, कुठं एक्झॉस्टवर राहिलेली बाहेरची वस्तू, असं कारण दिलं. तरी नोव्हेंबर २०१० मध्ये विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या एक्झॉस्ट आणि इलेक्ट्रिकल भागांना जादा संरक्षण फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. आणि सोबत एक वाक्य जोडलं: हा रिकॉल नाही. मला या सगळ्या कथेत हेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण तेव्हा आपल्याकडं रिकॉलचा कायदाच नव्हता. दोष मानायचा की नाही आणि त्याला नाव काय द्यायचं, हे कंपनीच ठरवायची. गिऱ्हाइकानं मात्र आपला निकाल दिला. त्या नोव्हेंबरात देशभरात फक्त ५०९ नॅनो विकल्या गेल्या.

सगळ्याच कंपन्या गप्प बसल्या असंही नाही. त्याच २०१० च्या जानेवारीत होंडानं भारतात ८,५३२ सिटी गाड्या परत बोलावल्या. खिडकीच्या पॉवर स्विचमध्ये पाणी गेलं की शॉर्ट व्हायचं आणि आग लागू शकायची. दक्षिण आफ्रिकेत होंडाच्याच एका गाडीला आग लागून एक लहान मूल दगावलं, तेव्हा हे जगभर झालं.

कायदा यायला २०१९ उजाडलं. मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम घातलं गेलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. एकाच मॉडेलबद्दल सरकारच्या पोर्टलवर ठरावीक संख्येनं तक्रारी आल्या की सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंड १ कोटीपर्यंत. म्हणजे मालकाची तक्रार पहिल्यांदाच मोजायची व्यवस्था झाली. फक्त अट अशी, की गाडी ७ वर्षांच्या आतली पाहिजे.

आता हिशेब करा. २००९-१० च्या नॅनो कायदा लागू झाला त्या दिवशीच दहा-अकरा वर्षांच्या झालेल्या. ज्यांच्या धुरामुळं चर्चा पेटली, त्याच बाहेर. आणि खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, सरकारी तपासणी त्यानंतर. मधली ८ वर्षं फक्त पीयूसी, आणि पीयूसी धूर मोजतं तो सायलेन्सरचा, डॅशबोर्डखालचा नाही! पुण्या-हैदराबादला फिरून आपल्याकडं आलेली गाडी बहुतेक याच ८ वर्षांतली असते.

आणि वायर म्हातारी होते ती याच काळात. इंजिनच्या उष्णतेनं आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हानं वरचं प्लास्टिक कडक होतं, चिरा पडतात. उंदीर कुरतडतात. अर्थिंगच्या टोकाला गंज चढतो, तिथं वायर तापते. त्यात आधीच्या मालकानं रिले न घालता जोडलेले फॉग लॅम्प आणि अ‍ॅम्प्लिफायर. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी मोठा फ्यूज टाकतो, काही महाभाग तर तांब्याची तार गुंडाळतात. मग जळायचं काम फ्यूजऐवजी वायर करते. कंपनी म्हणणार बाहेरची जोडणी, मिस्त्री म्हणणार कंपनीचा माल. दोघंही अर्धे खरे असू शकतात, म्हणूनच अशा तक्रारी एका ठिकाणी मोजल्या जायला हव्या होत्या.

एक गोष्ट मात्र आजही करता येते. रिकॉलचा निरोप कंपनी तिच्याकडं नोंद असलेल्या मालकाला पाठवते. गाडी हातोहात विकली गेली असेल तर तो पहिल्या मालकाच्या जुन्या नंबरवर पडून राहतो. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाईटवर चेसिस नंबर टाकून राहिलेलं रिकॉलचं काम बघता येतं. नंबर आरसीवर छापलेला असतो. काम बाकी दिसलं तर ते साधारणपणे फुकट होतं, मालक दुसरा असो की तिसरा.